कोलाहल आणि आरोग्य : कचारगड परिसरातील शिक्षकांच्या विचारार्थ

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातील वनाच्छादित डोंगरात कचारगडची प्रसिद्ध गुहा आहे. दरेकसा रेल्वेस्थानकापासून ती फार दूर नाही. धनेगाव हे तिच्या पायथ्याचे गाव होय. माघ पौर्णिमेच्या सुमारास येथे भरणाऱ्या यात्रेस महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणा इत्यादी राज्यांतून गोंड समाजाचे भाविक फार मोठ्या संख्येने येतात. गोंडी परंपरेत सांगितली जाणारी कथा अशी, की या गुहेत कली कंकालीची मुले कोंडली गेली होती. त्यांच्या मुक्ततेसाठी जंगो रायताड व पारी कुपार लिंगो झटले; आणि हीरासुका पाटालीर या वादकाच्या किंगरीच्या सुरांनी मुलांच्या अंगी बळ संचारले, तेव्हा गुहेच्या तोंडावरील शिळा हलली. नाद माणसास बळ देतो, हा विचार या कथेत किती सहजतेने आला आहे!

परंतु ज्या नादाने बळ येते, त्याच नादाची मर्यादा सुटली म्हणजे बळ क्षीण होते. ही गोष्ट आता केवळ अनुभवाची राहिली नसून शास्त्राने सिद्ध केलेली आहे. नको असलेला, नको तेवढा, नको त्या वेळचा आवाज म्हणजे कोलाहल. पाण्याचे प्रदूषण डोळ्यांस दिसते, धुराचे प्रदूषण नाकास कळते. आवाजाचे मात्र तसे नाही. तो थांबला, की हवेत त्याची कोणतीही खूण मागे उरत नाही. खूण उरते ती माणसाच्या शरीरात. म्हणूनच या प्रदूषणाकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष झाले आहे. खेड्यातील शिक्षकास हा विषय शहरातील वाटण्याचा संभव आहे. परंतु तो शाळेच्या चार भिंतींच्या आतही कसा येतो, हे पुढे दिसून येईल.

आवाज मोजण्याची रीत

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. निरोगी तरुण कानास जेमतेम ऐकू येणारा आवाज म्हणजे शून्य डेसिबल. कुजबुज सुमारे ३०, दोघांचे साधे संभाषण सुमारे ६०, गजबजलेला रस्ता ८० च्या आसपास, आणि मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे १०० किंवा त्याहून अधिक, असे साधारण प्रमाण सांगता येते. १२० च्या पुढे कान दुखू लागतात.

या मापनातील एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. डेसिबलची शिडी आपल्या नेहमीच्या फुटपट्टीसारखी नाही. दर १० डेसिबलने ध्वनीची ऊर्जा दसपट होते. २० डेसिबलने शंभरपट, ३० ने हजारपट. म्हणजे ६० डेसिबलच्या संभाषणापेक्षा १०० डेसिबलचा आवाज चाळीस अंशांनी मोठा, असे म्हणून भागत नाही. त्यातील ऊर्जा दहा हजारपट असते. कानास मात्र तो एवढा मोठा भासत नाही, कारण दर १० डेसिबलला तो साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो. या फसवणुकीमुळेच माणूस धोक्याच्या जागी निःशंकपणे उभा राहतो.

दुसरी गोष्ट काळाची. इजा केवळ आवाजाच्या मोठेपणावर अवलंबून नसते. तो किती वेळ कानावर पडला, यावरही अवलंबून असते. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने कामगारांसाठी ८५ डेसिबलला आठ तासांची मर्यादा सुचविली आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करावयाचा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. सातवीच्या विद्यार्थ्यास हे कोष्टक स्वतः तयार करता येईल. गणित आणि आरोग्य यांचा असा संगम क्वचितच मिळतो.

कानात काय घडते

ध्वनी म्हणजे हवेतील कंपने. ती कर्णनलिकेतून पडद्यावर आदळतात, पडद्यामागील तीन इवल्या हाडांवरून पुढे जातात आणि शंखाकृती अंतःकर्णात पोहोचतात. या शंखाला सुमारे अडीच वेटोळी असतात व त्यात द्रव भरलेला असतो. द्रवाच्या लाटांनी तेथील सूक्ष्म केसपेशी हलतात. त्यांच्या हालचालीतून विद्युत्संदेश निर्माण होऊन मेंदूकडे जातो. तेव्हा कोठे ऐकू येते.

एका कानात अशा केसपेशी सुमारे पंधरा हजारच असतात. डोळ्यातील प्रकाशग्राही पेशी कोट्यवधी असतात, हे लक्षात घेतले म्हणजे कानाची ही पुंजी किती तुटपुंजी आहे ते कळते. शिवाय मनुष्याच्या अंतःकर्णातील केसपेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. शेतातील धानाच्या रोपांवरून वारा गेला तर ती वाकतात व पुन्हा उभी राहतात. परंतु वादळ वारंवार आले तर आडवी पडलेली रोपे तशीच कुजतात. केसपेशींचेही असेच होते. मिरवणुकीतून आल्यावर कान बंद झाल्यासारखे वाटणे, कानात शिटी वाजत राहणे, ही वाकलेल्या रोपांची अवस्था. एका दोन दिवसांत ती बहुधा जाते. परंतु असे वारंवार झाले म्हणजे बधिरता कायमची होते.

ही बधिरता एकाएकी येत नाही, आणि आरंभी ती कोणाच्या ध्यानातही येत नाही. तिचा पहिला आघात दर सेकंदास सुमारे चार हजार कंपने असलेल्या उंच स्वरांवर होतो. बोलण्यातील स्वर बहुधा खालच्या पट्टीचे व दणकट असतात. स, श, फ, थ, ख यांसारख्या व्यंजनांचा मात्र बराचसा अंश उंच पट्टीचा व क्षीण असतो. त्यामुळे अशा मनुष्यास आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. ‘ऐकू येते, पण समजत नाही’ ही त्याची तक्रार असते, आणि घरचे लोक तिला हट्टीपणा किंवा म्हातारपण समजतात.

हे ज्ञान नवे नव्हे. धातू ठोकणारे कारागीर बहिरे होतात, हे इटलीतील वैद्य रामाझ्झिनी याने अठराव्या शतकाच्या आरंभी लिहून ठेवले होते. १८८६ साली ग्लासगो येथील डॉ. थॉमस बार यांनी बाष्पपात्रे तयार करणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले व त्यांची तुलना टपालवाल्यांशी केली; कामगारांची श्रवणशक्ती फार खालावलेली आढळली. गोंदिया हा धानाचा व भातगिरण्यांचा जिल्हा आहे. यंत्रांच्या घरघरीत दिवसाचे दिवस काढणारे कामगार आपल्याच विद्यार्थ्यांचे पालक आहेत. त्यांना कर्णरक्षकांची माहिती शाळेतून मिळाली, तर ती मोठीच समाजसेवा होईल.

कानापलीकडचे शरीर

कोलाहलाचा परिणाम कानापाशी थांबत नाही. डोळ्यांस पापण्या आहेत; कानांस नाहीत. झोपेतही कान जागा असतो. आदिमानवास रात्री श्वापदाची चाहूल लागावी म्हणून निसर्गाने केलेली ही योजना. मोठा अथवा अनपेक्षित आवाज होताच शरीर धोक्यासाठी सज्ज होते. अॅड्रिनलिन, कॉर्टिसोल हे अंतःस्राव रक्तात वाढतात, नाडी जलद होते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब चढतो. माणूस जागा झाला नाही तरीही हे घडू शकते. ‘आम्हाला सवय झाली आहे’ असे लोक म्हणतात. मनास सवय होते, हृदयास ती तितकी होत नाही.

एखाद्या रात्री असे झाले तर विशेष बिघडत नाही. परंतु वर्षानुवर्षे असे होत राहिले, तर रक्तदाबाचा विकार व हृदयविकार यांचा संभव वाढतो, असे अनेक पाहण्यांतून दिसून आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे, की एकट्या पश्चिम युरोपात रहदारीच्या आवाजामुळे दरवर्षी निरोगी आयुष्याची किमान दहा लक्ष वर्षे वाया जातात. झोपमोडीचा त्यात मोठा वाटा होता. लहान मुले, वृद्ध, रुग्ण व गरोदर स्त्रिया यांस गाढ झोपेची अधिक गरज असते. म्हणून रात्रीचा गोंगाट त्यांस अधिक बाधतो.

वर्गातील कोलाहल आणि विद्या

शिक्षकाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. न्यूयॉर्क शहरातील एका शाळेच्या इमारतीलगत उन्नत रेल्वेमार्ग होता. इमारतीच्या एका बाजूचे वर्ग रुळांकडे तोंड करून, तर दुसऱ्या बाजूचे शांत बाजूस होते. दर साडेचार मिनिटांनी गाडी जाई, आणि तेवढा वेळ शिक्षकास थांबावे लागे. आर्लिन ब्रॉन्झाफ्ट व डेनिस मॅक्कार्थी या संशोधकांनी दोन्ही बाजूंच्या मुलांचे वाचन तपासून १९७५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. गोंगाटाच्या बाजूची सहावीतील मुले वाचनात जवळजवळ एक वर्ष मागे होती. शाळा तीच, पाठ्यपुस्तके तीच. फरक खिडकीबाहेरच्या आवाजाचा होता. पुढे रुळांखाली रबराच्या गाद्या बसविल्या आणि वर्गांच्या छतांस ध्वनिशोषक आवरण लावले. त्यानंतरच्या, १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत दोन्ही बाजूंची मुले बरोबरीस आलेली आढळली.

दुसरे उदाहरण जर्मनीतील म्यूनिक शहराचे. १९९२ साली तेथील जुना विमानतळ बंद होऊन नवा दुसरीकडे सुरू झाला. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण हळूहळू सुधारले, आणि नव्याजवळच्या मुलांचे खालावले. २००५ साली इंग्लंड, हॉलंड व स्पेन या तीन देशांतील ८९ शाळांमधील २,८४४ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. तीतही विमानांचा आवाज जितका अधिक, तितके वाचनाचे आकलन कमी, असेच दिसले.

सालेकसा तालुक्यात विमानतळ नाही, हे खरे. परंतु मुंबई-हावडा लोहमार्ग आहे. रस्त्यावरील वाहनांचे कर्णे आहेत. पावसाळ्यात पत्र्याच्या छपरावर कोसळणाऱ्या सरी आहेत. आणि दोन वर्गांस एकच खोली असली तर शेजारच्या इयत्तेची पाठांतरेही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ साली सुचविल्याप्रमाणे, शिकवणे चालू असता वर्गातील पार्श्वभूमीचा आवाज ३५ डेसिबलच्या आत असावा. शिक्षकाचा शब्द या पार्श्वभूमीपेक्षा सुमारे १५ डेसिबलने वर असला, तर तो मुलांस स्पष्ट समजतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. वर्गाच्या भिंती त्यास काही आधार देतात, तरीही शेवटच्या रांगेपर्यंत जाता जाता शब्द क्षीण होतो. मागे बसणारा मुलगा मंद असतो असे नाही. पुष्कळदा त्याच्यापर्यंत शब्दच पोहोचलेला नसतो.

प्रौढ माणूस अर्धवट ऐकलेले वाक्य अनुभवाच्या जोरावर पुरे करतो. लहान मुलाजवळ हा साठा नसतो. तोंडी हिशेबात शिक्षकाने ‘साठ’ म्हटले, आणि गोंगाटात ‘स’ बुडाला, तर मुलास ‘आठ’ ऐकू येते. मग उत्तर चुकते, आणि दोष त्याच्या गणितास लागतो. त्यातही ज्याची घरची भाषा वेगळी आहे, त्याची अडचण दुहेरी होते. या भागात घरी गोंडी, छत्तीसगढी किंवा पोवारी बोलणारी मुले पुष्कळ आहेत. दुसरी भाषा ऐकताना कोलाहलाचा अडथळा अधिक होतो, हे संशोधनाने दाखविले आहे. मराठी नुकतीच शिकू लागलेल्या गोंड मुलास शांत वर्ग मिळणे ही चैन नव्हे. ते त्याच्या शिक्षणाचे पहिले साधन आहे. त्यास पहिल्या रांगेत बसविण्यास खर्च काहीच येत नाही.

शिक्षकाचा गळा

गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवितो. फ्रेंच वैद्य लोंबार याने १९११ साली या प्रवृत्तीचे वर्णन केले. वर्गात गोंगाट वाढला, की शिक्षक आवाज चढवितो. शिक्षकाचा आवाज चढला, की मुलेही आपापला चढवितात. ही चढाओढ दिवसभर चालली तर स्वरतंतूंवर सूज येते, कधी गाठीही होतात. घसा बसणे हा शिक्षकी पेशाचा भागच आहे, असे समजून पुष्कळजण तिकडे दुर्लक्ष करतात. तसे करू नये. आवाज दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत झाला नाही, तर घशाच्या डॉक्टरांस दाखविणे अवश्य आहे. मुलांचे लक्ष वेधण्यासाठी ओरडण्याऐवजी हात वर करणे, टाळीचा ठरलेला ताल देणे, किंवा क्षणभर स्तब्ध उभे राहणे, हे उपाय गळ्यास व शिस्तीस दोहोंस हितकर ठरतात.

यात्रा, मंडई आणि वरात

झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, रात्रभर नाटके रंगतात. उन्हाळ्यात लग्नसराई असते. माघात कचारगडची यात्रा. हे सण म्हणजे कष्टकरी लोकांच्या वर्षातील आनंदाचे दिवस होत. कोलाहलाच्या नावाखाली त्यांवर बोट ठेवणे योग्य नव्हे, आणि एखाद्याच समाजाच्या उत्सवाकडे बोट दाखविणे तर मुळीच योग्य नव्हे. प्रश्न उत्सवाचा नाही. प्रश्न यंत्राचा आहे. ढोल, मांदर, किंगरी ही वाद्ये माणसाच्या हाताच्या बळाने वाजतात. हात थकला की ती विसावतात. वीज थकत नाही. पूर्वी जो नाद मैदानापुरता होता, तो ध्वनिवर्धकांच्या भिंतीने आता तीन गावांपर्यंत जातो; आणि ज्या किंगरीच्या सुरांची महती गाइली जाते, तो सूरच त्यात ऐकू येईनासा होतो.

अंतराचे महत्त्व येथेही आहे. ध्वनिवर्धकापासून दोन मीटरवर १०६ डेसिबल आवाज असेल, तर मोकळ्या मैदानात चार मीटरवर तो सुमारे १००, आठ मीटरवर ९४, व सोळा मीटरवर ८८ होतो. म्हणजे पोर चौदा पावले मागे सरकले, तरी त्याच्या कानास सुरक्षित असा काळ कित्येक पटींनी वाढतो. दोन भिंतींमधील अरुंद गल्लीत, मांडवात, किंवा गुहेसारख्या बंदिस्त जागी मात्र आवाज परावर्तित होऊन घुमत राहतो व अंतराने तितका उतरत नाही. अशा ठिकाणी मोठे ध्वनिवर्धक लावूच नयेत, हे सामान्य ज्ञानाने कळण्यासारखे आहे. खांद्यावर बसविलेले तान्हे मूल घेऊन ध्वनिवर्धकापुढे नाचणाऱ्या बापास कोणी प्रेमाने बाजूस घेतले, तर तो रागावणार नाही. कारण त्यास ही गोष्ट आजवर कोणी सांगितलेलीच नसते.

मोबाइलवर कानात बोंडे घालून गाणी ऐकण्याची सवय हा याच विषयाचा नवा भाग आहे. जगातील शंभर कोटींहून अधिक तरुणांस असुरक्षित ऐकण्यामुळे बधिरतेचा धोका आहे, असा इशारा जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात दिला आहे. आवाज पूर्ण क्षमतेच्या साठ टक्क्यांच्या आत ठेवावा आणि मधून मधून कानास विश्रांती द्यावी, एवढा नियम मुलांस सहज पाळता येईल.

कायदा काय सांगतो

मुंबईचे डॉ. यशवंत ओक यांनी १९८५ साली उच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हापासून महाराष्ट्रात या प्रश्नाची न्यायालयीन चर्चा होत आली आहे. १९८७ साली हवा प्रदूषण कायद्यात ध्वनीचा समावेश झाला. आणि फेब्रुवारी २००० पासून ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम अमलात आले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, व्यापारी भागात ६५ व ५५, औद्योगिक भागात ७५ व ७०, आणि शांतता क्षेत्रात ५० व ४० अशी मर्यादा आहे. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६.

ध्वनिवर्धकासाठी लेखी परवानगी लागते. रात्री १० नंतर तो उघड्यावर वाजविता येत नाही. सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. रुग्णालये, शैक्षणिक संस्था व न्यायालये यांच्या सभोवारचे १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र शांतता क्षेत्र ठरविता येते. मात्र २०१७ च्या दुरुस्तीनुसार त्यासाठी राज्य शासनाची अधिसूचना असावी लागते. म्हणून आपल्या शाळेचे क्षेत्र अधिसूचित आहे किंवा नाही, याची चौकशी मुख्याध्यापकांनी करून ठेवावी. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शांततेत जगण्याचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आहे. आणि इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असे त्याच न्यायालयाने २००० साली म्हटले होते.

तक्रार करण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, व ११२ या क्रमांकावर पोलिसांस कळविता येते. तथापि गावात राहणाऱ्या शिक्षकाने प्रथम तक्रारीचा मार्ग धरावा, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. परीक्षेच्या दिवसांपूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय ठेवावा. सरपंच, पोलीस पाटील व मंडळांचे तरुण यांस बोलवावे. मुलांच्या अभ्यासाची वेळ व ध्वनिवर्धकाची वेळ परस्परांस आड येणार नाही, असा ठराव गावाकडूनच करून घ्यावा. गावाने स्वतः केलेला नियम गाव पाळते.

शाळेत करण्याजोगे काही

उपकरणांवाचून करता येतील असे काही प्रयोग पुढे दिले आहेत.

१. रिकाम्या डब्याच्या तोंडावर फुग्याचे रबर ताणून बांधावे व त्यावर तांदळाचे चार दाणे ठेवावेत. जवळ थाळी जोराने वाजविली असता दाणे उड्या मारतात. कानाच्या पडद्याचे काम मुलांस प्रत्यक्ष दिसते.

२. वर्गाने दोन मिनिटे डोळे मिटून स्तब्ध बसावे आणि ऐकू आलेले सर्व आवाज नंतर पाटीवर लिहावेत. सुखद कोणते, नकोसे कोणते, टाळता येण्यासारखे कोणते, याची चर्चा व्हावी. पानांची सळसळ आणि हाजरा धबधब्याचा घोष हेही आवाजच. ते सुखद का वाटतात, याचे उत्तर मुलांनीच शोधावे.

३. वीस शब्दांचे श्रुतलेखन एकदा शांततेत व एकदा बाहेर डबे वाजत असता घ्यावे. शब्द निरनिराळे पण सारख्या अवघडपणाचे असावेत. चुकांची तुलना केली म्हणजे व्याख्यानाची गरज उरत नाही.

४. ऐकण्याची प्राथमिक चाचणी. शिक्षकाने मुलाच्या मागे एक हात अंतरावर उभे राहावे. मुलाने एक कान बोटाने बंद करावा. दुसऱ्या कानाच्या बाजूने शिक्षकाने ओळखीचे पाच-सहा शब्द कुजबुजत उच्चारावेत व मुलाने ते पुन्हा म्हणावेत. निम्म्याहून अधिक शब्द चुकले, तर त्या मुलाची तपासणी करवून घ्यावी. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. परंतु कोणास तपासणीची गरज आहे, हे तीवरून कळते.

येथे एक सूचना आवश्यक वाटते. खेड्यातील मुलांत बधिरतेचे मोठे कारण कोलाहल नसून कान वाहणे हे असते. त्यात तेल, पाला, काडी असे काहीही घालू देऊ नये. कान कोरडा ठेवून मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. २०१३ साली पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांतून तपासणीसाठी येतात. त्यांच्या भेटीपूर्वी अशा मुलांची यादी तयार असली, तर पथकाचे काम सुकर होते आणि एकही मूल निसटत नाही. ३ मार्च हा जागतिक श्रवण दिन आहे. तो यात्रेनंतर व वार्षिक परीक्षेच्या सुमारास येत असल्यामुळे या चाचणीस सोयीचा ठरेल.

वर्गखोलीतही थोडेबहुत करता येते. भिंतींवर जाड कापडाचे तक्ते, जमिनीवर सतरंज्या, बाकांच्या पायांस जुन्या रबरी नळीचे तुकडे, रस्त्याच्या बाजूस झुडपांची दाट रांग व शक्य तर भिंत, यांनी गोंगाट थोडा तरी उतरतो. झुडपांनी आवाज फारसा अडत नाही, हे खरे. पण वाहने दृष्टीआड होतात आणि मुलांचे लक्ष कमी विचलित होते. मुसळधार पावसात पत्र्याखाली शिकविण्याचा हट्ट धरू नये. ती वेळ लेखन, चित्रकला व मूकवाचन यांस द्यावी.

कोलाहल कमी करणे म्हणजे जीवन मुके करणे नव्हे. प्रार्थना, कविता, पाढे, खेळाच्या मैदानावरील आरोळ्या यांवाचून शाळा ती कसली! जेथे ऐकावयाचे तेथे ऐकू यावे, जेव्हा झोपावयाचे तेव्हा झोप लागावी, आणि मुलाच्या कानात जन्मतः असलेली ती पंधरा हजार केसपेशींची पुंजी त्याच्या म्हातारपणापर्यंत पुरावी, एवढेच साधावयाचे आहे. या वर्षी प्रत्येक शाळेने श्रवणचाचणी घेऊन आपल्या विद्यार्थ्यांची यादी केली, आणि ज्यांस कमी ऐकू येते त्यांस पुढच्या रांगेत आणले, तर या विषयाचा आरंभ योग्य ठिकाणाहून झाला असे म्हणता येईल.